शेळी पुस्तकात नव्हती

शर्टांच्या त्या कारखान्यात पुढच्या दालनात मशिनं धडधडायची आणि मागच्या खोलीत गोष्ट चालायची. मागची खोली हातकामाची. काज, बटण, तुरपाई, लोंबणारे धागे कापणं आणि शेवटी इस्त्री. मधलं जाड दार लावलं की मशिनांचा आवाज लांबून जाणाऱ्या गाडीसारखा व्हायचा आणि माणसाचा आवाज ऐकू यायचा. खिडकीखाली एक उलटं खोकं होतं. एकजण त्यावर बसून वाचायची आणि बाकीच्या ऐकायच्या. तिच्या वाटणीचे शर्ट त्या आपापल्या ढिगात ओढून घ्यायच्या, जसं आजारी जावेचं काम घरात न बोलता वाटलं जातं.

ही रीत कुणी पाडली ते कुणालाच आठवत नव्हतं. कटिंग मास्तरांनी कधी परवानगी दिली नव्हती आणि कधी मनाईही केली नव्हती. एवढंच व्हायचं, की गोष्टीत अवघड प्रसंग आला की मागच्या खोलीतल्या सगळ्या सुया एकदम थांबायच्या. ती शांतता मास्तरांना मशिनांच्या गोंगाटातूनही कळायची. मग ते दारातून नुसतं डोकं आत घालायचे आणि म्हणायचे, "पोहोचली का ती पोर पलीकडे? मग हात चालवा."

वाचणारी बाई अंगाने सुपारीएवढी, आवाजाने मात्र घरभर. आईच्या तोंडच्या ओव्या ऐकत मोठी झालेली, त्यामुळे साधं वाक्य वाचतानाही तिच्या आवाजाला झोका असायचा. वाक्य संपताना तो अलगद खाली यायचा, पाखरू फांदीवर टेकावं तसा.

सुरुवातीला त्यांनी मोठ्यांच्या कादंबऱ्या वाचून पाहिल्या होत्या. एकीत पानंच्या पानं एक माणूस खिडकीतून बाहेर बघत होता. काजवाली म्हणाली, याला कुणीतरी दोन बटणं लावायला द्या. मग वाचणारीच्या लेकीने आपल्या वाचनालयाच्या कार्डावर किशोर विभागातलं एक पुस्तक आणून दिलं, आणि त्या दिवसापासून मागच्या खोलीला दुसरं काही चालेना. पहिल्या पानावर कुणीतरी अडचणीत, दुसऱ्या पानावर त्याहून जास्त. मोठी माणसं सगळी बिनडोक. पोरी रडायच्या पटकन आणि उठायच्याही पटकन. इस्त्रीवाली काकू, खोलीतली सगळ्यात वडील, एकदा इस्त्री उभी करून म्हणाली होती, "मला सोळावं लागलंच नाही गं. पंधराव्यातून एकदम पंचविशीत जाऊन पडले. आता रोज दुपारी थोडं थोडं सोळावं काढते."

लेकीला सगळ्याजणी 'कसर' म्हणायच्या. कपड्यांच्या कारखान्यात कसर म्हणजे दुष्मन, कापड खाणारा किडा. पण ही कसर पुस्तकं खायची, म्हणून लाडकी. ती प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचायची, मग आईच्या पिशवीत ठेवायची आणि त्यासोबत एक वाक्य द्यायची. एकच. "यातली मुलगी खोटारडी आहे, पण तुम्ही तिचीच बाजू घ्याल." "हे हळू सुरू होतं, पूल येईपर्यंत धीर धरा." "यात कुणी मरत नाही, तरी रडाल." ते वाक्य आई पदरात बांधल्यासारखं कारखान्यात न्यायची, आणि संध्याकाळी खोलीचा निकाल घेऊन परत यायची. काकू कुठे थांबली, काजवाली कुणावर चिडली, कुठे सगळ्या सुया थांबल्या. लेक ऐकून घ्यायची आणि पुढचं पुस्तक त्यावरून ठरवायची. दोघींचं बोलणं म्हणजे बरंचसं हेच होतं. लेक वाढत्या वयाची होती, इतर गोष्टींवर तिची उत्तरं 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' एवढ्यात आटपायची. पुस्तकावर मात्र ती आईशी बोलायची.

मग केव्हातरी अक्षरं चालायला लागली.

आधी ती दुपार कलल्यावर चालायची, नंतर भर उन्हातसुद्धा. ओळीच्या मधोमध दोन-चार शब्द मुंग्यांसारखे एकमेकांच्या अंगावर चढायचे आणि वाचणारी अडकायची. पण अडकली तर कळेल. या खोलीत पूर्वी एकीला दिसेनासं झालं होतं, तेव्हा तिला घड्या घालायच्या टेबलावर पाठवलं होतं, पुढच्या दालनात, मशिनांच्या गडगडाटात. तिथे कोण कुणाचं ऐकणार? सुई तर तिला अजून बोटांच्या सवयीने ओवता येत होती. खोक्यावरची जागा मात्र डोळ्यांवर होती. म्हणून ती अडकायची नाही. जिथे दिसायचं नाही तिथे मनचं घालायची. लेकीने घरी दोनदा विचारलं होतं, आई, डोळे दाखवून येऊ या का? दोन्ही वेळा आई अंगावर धावून गेली होती. माझे डोळे चांगले आहेत, तू आपला अभ्यास बघ.

एका पुस्तकात डोंगरावर वाट चुकलेली मुलगी होती. अक्षरं बारीक, कागद पिवळट, आणि त्या दिवशी आभाळ भरलेलं. मुलगी धुक्यात शिरली आणि पानही धुक्यात शिरलं. वाचणारीला काहीच दिसेना. पण खोलीतल्या सुया थांबल्या होत्या, सगळ्यांचे चेहरे तिच्याकडे लागले होते. एवढ्याशा पोरीला एकटं कसं सोडायचं, म्हणून तिने तिच्या सोबतीला एक शेळी दिली. पांढरी, एका कानाने तुटकी, चार पावलं पुढे जाऊन मागे वळून बघणारी. आणि शेळी आली तशी ओवीही आली:

पुढं चालली शेळी, मागं चालली लेक
धुक्याच्या वाटेवर, पाऊल दोघींचं एक

काकूने इस्त्री बाजूला ठेवून डोळे पुसले होते.

त्यानंतर मात्र नवलच झालं. लेकीने आणलेली पुढची पुस्तकं वाचणारीला लख्ख दिसायला लागली. एकही अक्षर हलेना. ती मनातून हरखली. डोळे थकले होते, आता विश्रांती मिळाली, सुधारले. तिने कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसांत ती मान ताठ करून वाचायची, आणि मनचं काही म्हणजे काही घालायची नाही.

असं बरं चाललेलं असताना एका दुपारी, गोष्टीतली मुलगी पलंगाखालून पिशवी ओढत होती, तेव्हा काजवालीने काजाची सुई कापडात टोचून ठेवली आणि म्हणाली, थांब जरा.

वाचणारी थांबली.

"तुझ्या काही लक्षात येतंय का?"

"काय?"

"मागच्या पुस्तकातली पोर घर सोडून गेली. त्याच्या आधीच्यातलीही गेली. आणि आता ही पिशवी भरतेय."

वाचणारीने पुस्तकाकडे असं पाहिलं, जणू ते आत्ताच कुणी तिच्या मांडीवर टाकलं होतं. खरं म्हणजे तिच्या काहीच लक्षात आलं नव्हतं. मोठ्याने वाचणाऱ्याचं असंच होतं. तो शब्द उचलतो आणि पुढे देतो, पाणी वाहणाऱ्या बाईसारखा. तहान इतरांची भागते. कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज उतरवायचा, याच नादात तिचा दिवस सरायचा. खोलीतल्या प्रत्येकीने ती पुस्तकं ऐकली होती. तिने फक्त वाचली होती.

मग बोलण्याला धार चढली. कुणाला आठवलं, की अलीकडे कसर पुस्तकासोबत वाक्यच देत नाही. वाचणारी म्हणाली, हो, पिशवीत ठेवते आणि जाते. विचारलं तर म्हणते, असंच आहे, वाचा. काजवाली म्हणाली, बघ, म्हणजे सांगायला जीभ रेटत नाही. काकू कधी कुणाला घाबरवायची नाही, पण तीसुद्धा वाफेतून हळूच म्हणाली, की या वयाच्या पोरी तोंडाने सांगत नाहीत, वस्तू समोर ठेवतात.

वाचणारीने पुस्तक मिटलं. कारण तिच्या घरातून एक मुलगी अशीच गेली होती. तिची धाकटी बहीण, लेकीच्याच वयाची असताना. दोघी एका अंथरुणात झोपायच्या. बहीण कितीतरी दिवस रोज एकच गाणं गुणगुणायची, दूरच्या गावाचं, आणि ही थोरली त्यात सूर मिळवायची. एका सकाळी अंथरुणाची ती बाजू रिकामी होती. पुढे बहिणीचं बरं चाललं, निरोपही यायला लागले, पण मधली वर्षं आईने दाराकडे बघत काढली. आणि थोरलीला एकच गोष्ट खात राहिली: ती रोज सांगत होती आणि मी सूर मिळवत होते.

त्या संध्याकाळी घरी लेक नेहमीसारखीच होती, आणि आज नेहमीसारखं काहीच दिसेना. ती वाचनालयातून उशिरा आली होती. का, तर 'काही नाही'. दप्तराचा बंद तिने नवीन दोऱ्याने शिवून पक्का केला होता. का, तर तुटायला आला होता. जेवताना तिने आईकडे दोनदा टक लावून पाहिलं आणि दोन्ही वेळा नजर वळवली. आईला विचारायचं होतं. पण विचारलं आणि उत्तर 'हो' आलं तर? त्यापेक्षा तिने तिला आणखी वाढलं.

दुसऱ्या दिवशी गोष्ट वाचायची राहून गेली. मागच्या खोलीत विचारविनिमय चालला होता. ओरडायचं नाही, यावर एकमत झालं. पहारा ठेवायचा नाही, कारण पहाऱ्यातून पोरी जास्त लवकर जातात. शेवटी काकूनेच वाट काढली. पोरीने पुस्तकातून सांगितलंय, तर उत्तरही पुस्तकातूनच द्यायचं. असं एखादं शोधायचं, ज्यातली मुलगी घरात राहते आणि तिचं भलं होतं. काजवाली म्हणाली, आजवर ती आपल्याला सुचवत आली, आता आपण तिला सुचवू.

अर्ध्या सुट्टीच्या दिवशी वाचणारी आणि काकू वाचनालयात गेल्या. दोघींनीही ते आतून कधी पाहिलं नव्हतं. किशोर विभाग जिन्याखाली होता, खुर्च्या बुटक्या, त्यामुळे काकू बसल्यावर गुडघे हनुवटीला टेकले. ग्रंथपाल बाई तरुण होती, केसांत पेन्सिल खोचलेली. कुणासाठी पाहिजे ते दोघींनी सांगितलं नाही. एका मुलीसाठी, एवढंच म्हणाल्या.

"मुलगी घर सोडून जात नाही असं पाहिजे," वाचणारी म्हणाली.

ग्रंथपाल बाई कपाटांकडे बघत राहिली. तिने एका रांगेवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. या रांगेतल्या मुली बोटीने जात होत्या, त्या रांगेतल्या पायी, आणि खालच्या कप्प्यातली एक तर थेट दुसऱ्या शतकात. शेवटी ती अडखळत म्हणाली, "मावशी, घरातच राहिली तर गोष्ट कुठे घडणार?"

"घरात काय कमी घडतं?" काकू म्हणाली.

ग्रंथपाल बाईला हसू आलं आणि तिला ते पटलंही. आतल्या खोलीत बघून येते म्हणून ती गेली. तेवढ्यात वाचणारीला एका पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसलं. टुमदार घर, खिडकीत पिवळा दिवा, दारात आई आणि मुलगी. तिने ते काढलं, चाळलं. पानांवर नुसती राखाडी धूळ पसरल्यासारखी अक्षरं होती. पण चित्र तर स्पष्ट बोलत होतं. हेच, ती म्हणाली. कार्ड नव्हतं, मग काकूनेच नवं कार्ड करायचं ठरवलं. फॉर्म भरून घेताना ग्रंथपाल बाईने वय विचारलं. काकू गंभीरपणे म्हणाली, "सोळावं चालू आहे." ग्रंथपाल बाईने केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली आणि कार्ड दिलं.

संध्याकाळी लेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करत होती. दिवा डोक्यावर होता. आईने हात पुसले, पुस्तक तिच्यासमोर ठेवलं आणि बाजूला उभी राहिली, जशी वाक्य देताना लेक उभी राहायची.

"हे वाच. मी सुचवतेय."

लेकीने मुखपृष्ठ पाहिलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. आईने वाचलंय का, असं तिने विचारलं. आई म्हणाली, वाचलं, सगळं.

"मग एक वाक्य सांग."

आईने तेही घोकून ठेवलं होतं. "यातली मुलगी घरातच राहते, आईजवळ, आणि तिथेच तिचं सगळं चांगलं होतं."

लेकीने पुस्तकावर हात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"आई, हे घर पहिल्याच पानावर धरणात बुडतं."

"मग पुढे परत येत असतील."

"पाण्याखाली? मुलगी एकटीच नाही, अख्खं गाव घर सोडून जातं यात. मी वाचलंय हे." तिने पहिलं पान उघडून आईच्या पुढे धरलं. "वाच बघू."

आईने पुस्तक घेतलं. लांब धरलं, जवळ धरलं, दिव्याकडे तिरकं केलं. मुंग्या हलायला लागल्या. अंधार पडलाय, ती म्हणाली, आणि दिवा दोघींच्या डोक्यावर लखलखत होता. मग तिने पुस्तक लेकीकडे सरकवलं.

"तू जाणार आहेस का?"

"कुठे?"

"मला काय माहीत कुठे. तुझ्या त्या मुली जातात तिथे. एकीमागून एक तसलीच पुस्तकं आणून देतेस. वाक्यसुद्धा देत नाहीस. तुझी मावशीही अशीच..."

लेकीचं तोंड उघडंच राहिलं. ती आईकडे बघत होती, मग पुस्तकाकडे, मग पुन्हा आईकडे, आणि तिला जे कळत गेलं ते तिच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटत गेलं. आधी धसका. मग थोडी लाज. आणि मग, आवरत आवरत, हसू.

"आई, त्यातली अक्षरं मोठी आहेत."

आईला कळेना.

"मोठी अक्षरं. एवढंच. एक वाक्य काय देणार होते मी? 'यातली अक्षरं मोठी आहेत' असं?"

मग लेकीने सगळं सांगितलं. वाणसामानाच्या दुकानात काजवाली भेटली होती. म्हणाली, पोरी, ती शेळी फार गोड होती गं, काकू तर रडली. लेकीने ते पुस्तक आधीच वाचलेलं. तिने घरी येऊन पुन्हा सगळं चाळलं. त्यात डोंगर होता, धुकं होतं, मुलगी होती. शेळी नव्हती. तेव्हापासून ती आईवर नजर ठेवून होती. आई औषधाची बाटली हात लांब करून वाचते. तांदळातले खडे बोटांनी शोधते. डोळ्यांचं नाव काढलं की अंगावर येते. म्हणून तिने ग्रंथपाल बाईंना मोठ्या अक्षरांची पुस्तकं मागितली. त्यांच्याकडे अर्धी रांगच होती, सगळी एकाच छापखान्याची. त्या छापखान्याला पळून जाणाऱ्या पोरींचं काय वेड होतं कोण जाणे. लेकीला स्वतःला ती पुस्तकं मुळीच आवडली नव्हती, पण न वाचता कशी द्यायची, म्हणून प्रत्येक तिने शेवटपर्यंत वाचून काढली होती. परवा उशीर झाला तो दुसरी कुठली मोठ्या अक्षरांची सापडतात का ते शोधताना.

आई ऐकत होती. या वेळी वाचायचं काही नव्हतं, सूर मिळवायचा नव्हता, त्यामुळे तिला प्रत्येक शब्द ऐकू आला. ती खुर्चीवर बसली आणि पदराने तोंड झाकून हसायला लागली. छातीवरचा मोठा दगड कुणी उचलून बाहेर अंगणात ठेवावा तसं तिला हलकं वाटत होतं, इतकं की हात कुठे ठेवावेत तेही सुचेना. मधेच ते हसणं रडण्यात गेलं आणि परत आलं. लेकीने तिला पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर आईने तरीही विचारलंच. म्हणजे जाणार नाहीस ना?

लेक पुस्तकाचा कोपरा सरळ करत राहिली, आणि आईला तिचं तेच आवडलं, की तिने गोड खोटं उत्तर दिलं नाही.

"कधीतरी शिकायला वगैरे जाईन. पण सांगून जाईन. तुला आधी, आणि पुस्तकातून नाही."

आईने मान हलवली. एवढं पुरे होतं. तिच्या आईला तेवढंही मिळालं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचा बदलत बदलत भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली आणि सांगितलं, काही नाही, चाळिशी लागली आहे, सगळ्यांनाच लागते. चष्मा घालून ती कारखान्यात गेली. घड्यांच्या टेबलावर जायला सांगितलं तर जायचं, असं तिने वाटेत ठरवलं होतं, आणि मास्तरांनाही तेच सांगितलं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग नाकावरचा स्वतःचा बाटलीच्या बुडासारखा चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मला याच्याशिवाय कापड कुठलं आणि टेबल कुठलं तेही कळत नाही," ते म्हणाले. "ती आधीची घड्यांवर गेली ती तिला उभ्याने काम पाहिजे होतं म्हणून. पाठ धरायची तिची. जा, खोक्यावर बस. दोन दिवस झाले, तुझ्यामुळे आत नुसती बडबड चालू आहे."

खोलीत सगळ्यांना सगळं सांगावं लागलं, काही प्रसंग दोनदा. काजवाली म्हणाली, मला आधीपासून वाटत होतं की पोर जाणारी नाही. त्यावर चिंध्या, दोऱ्याची रिळं आणि एक आख्खी बाही तिच्या दिशेने फेकली गेली. मग काकूने हट्ट धरला. आता नीट दिसतंय, तर ते डोंगरातलं पुन्हा वाच, शेळीवालं. लेकीने ते वाचनालयातून परत आणून दिलं. आणि पुष्कळ दिवसांनी त्यासोबत वाक्य दिलं: "यात शेळी नाही, हे त्यांना आधी सांग."

आईने सांगितलं नाही. तिला वाटलं, कोण लक्षात ठेवतंय.

ती वाचत गेली. अक्षरं काळी, कडक, ओळीत उभी होती. तिला पहिल्यांदा दिसलं, की त्या पानावर खरं काय होतं. मुलगी धुक्यात एकटीच चालत होती, दगड चाचपत होती, आणि स्वतःला धीर यावा म्हणून स्वतःचंच नाव मोठ्याने घेत होती. तेही सुंदर होतं. वाचणारी स्वतः वाचता वाचता ऐकत होती. मुलगी धुक्यातून बाहेर आली, प्रकरण संपलं, तिने मान वर केली. सगळ्याजणी तिच्याकडे रागाने बघत होत्या.

"शेळी कुठाय?" काजवालीने विचारलं.

वाचणारीने कबूल केलं. शेळी पुस्तकात नव्हती. दिसत नव्हतं म्हणून मी घातली होती.

एका सुईतून दोरा निसटला, तो कुणी ओवला नाही. मग काकू इस्त्री उभी करून म्हणाली, "पुस्तकात नसेल. इथे होती. इतक्या दिवसांची ओळख, आणि तू तिला मधेच सोडून आलीस? पुन्हा मागे जा. आणि तो चष्मा काढ."

वाचणारीने चष्मा काढून मांडीवर ठेवला. पान पुसट झालं, डोंगर विरला, ओळींवर धुकं उतरलं. त्या धुक्यात तुटक्या कानाची शेळी चार पावलं पुढे जाऊन उभी होती आणि मागे वळून बघत होती. आवाजाला झोका आला.

पुढं चालली शेळी, मागं चालली लेक...

सुया थांबल्या. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि मास्तरांचं डोकं आत आलं. पोहोचली का ती पोर पलीकडे, त्यांनी विचारलं.

"अजून नाही," काकू म्हणाली. "पण सोबत आहे तिला. पोहोचेल."